लाल पेन्सिलीचा एक टक्का

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरलं की डाव्या हाताला एक रुंद जिना लागतो. जिना वर जातो तो कुलगुरूंच्या दालनाकडे, पण विद्यार्थ्यांची रीघ लागलेली असते ती जिन्याखाली. तिथल्या तिरप्या छताच्या खोलीत एक संगणक, एक प्रिंटर, झेरॉक्सचं एक धापा टाकणारं मशीन आणि काकू एवढं सगळं मावलेलं आहे. कसं मावलं ते विचारू नका. काकू अंगाने चांगल्या भरलेल्या आहेत, आणि उंच मुलांना आत येताना कपाळमोक्ष करून घ्यावा लागतो.

बाहेर पाटी आहे, ‘टायपिंग, प्रिंट, झेरॉक्स’. ही पाटी निम्मी खोटी आहे. कारण बायोडाटा नुसता छापून देणं हे काम बावीस वर्षांत काकूंना एकदाही जमलेलं नाही. कागद समोर आला की त्यांचे हात शिवशिवतात, कानामागची लाल पेन्सिल खाली येते आणि समोरच्याची उलटतपासणी सुरू होते.

“छंद, वाचन. बरं. शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस?”

मुलगा छताकडे बघतो. छतावर काही लिहिलेलं नसतं.

“खोड ते. नेतृत्वगुण! कोणाचं नेतृत्व केलंस बाबा?”

“वसतिगृहाच्या खानावळ समितीत होतो, काकू.”

“तिथे काय दिवे लावलेस?”

“जेवण गार यायचं. मग तीनशे जणांच्या सह्या घेतल्या आणि वाढण्याच्या वेळा बदलून घेतल्या.”

“मग हे लिही की गाढवा! गुण कसले लिहितोस, केलेलं काम लिही!”

मागे रांगेत वीस जण ताटकळलेले असतात. एकालाही घाई नसते, कारण पुढच्याची कानउघाडणी ऐकायला मिळते आणि आपली तयारीही होते. तिसऱ्या मजल्यावर विद्यापीठाचा नोकरी मार्गदर्शन कक्ष आहे. तिथे टाय लावून हसणाऱ्या तरुणांची चित्रं आहेत, मऊ खुर्च्या आहेत, थंड पाण्याचं यंत्र आहे. विद्यार्थी तिथे पाणी पितात आणि मार्गदर्शनाला जिन्याखाली येतात.

काकूंना याचा अभिमान होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. “माझ्या पेन्सिलीखालून गेलेला कागद वाया जात नाही,” असं त्या दिवसातून चारदा तरी म्हणत. पुरावाही होता. नोकरी लागलेली मुलं चॉकलेटचे डबे घेऊन येत, आपलं नवंकोरं ओळखपत्र गळ्यात मिरवत, काकूंच्या पाया पडायला वाकत आणि उठताना छतावर डोकं आपटून घेत. भिंतीवर त्यांची छोटी छोटी कार्डं चिकटवलेली होती. बावीस वर्षांची भिंत झाली होती ती. काकूंचं म्हणणं असं, की शंभरातल्या नव्वदांना तरी आपल्यामुळे नोकरी लागली. उरलेले दहा जण ऐकतच नाहीत, त्याला त्या तरी काय करणार?

एवढं सगळं असून काकूंच्या मनात एक सल होता. जगाच्या पोरांचे बायोडाटे त्यांच्या हाताखालून गेले, पण पोटची पोर काही आपला कागद दाखवत नव्हती.

लेक याच विद्यापीठात संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. बोलायला मोजकी, आणि आईच्या तुलनेत तर मुकीच. रोज तीन ते पाच ती खोलीतल्या कोपऱ्यात स्टुलावर बसून चौकटीच्या वहीत काहीतरी लिहीत असे. काकू कौतुकाने म्हणत, “अभ्यास करते हो माझी.” पुढच्या आठवड्यात आरोग्यविषयक संशोधन करणारी एक मोठी संस्था विद्यापीठात मुलाखती घ्यायला येणार होती. संख्याशास्त्रवाल्यांसाठी जागा दोन. लेकीने पहिल्या वर्षापासून त्या संस्थेचा ध्यास घेतला होता. दुसरीकडे कुठे अर्जसुद्धा केला नव्हता.

“अगं, नुसतं बघू तरी दे,” काकू जेवताना म्हणायच्या.

“माझं मी लिहिलंय, आई.”

“मी काय खाणार आहे तो कागद?”

“खाणार नाहीस. चावणार आहेस.”

नवरा शहराच्या बसवर चालक. दिवसभर गर्दीतून बस काढून आलेला माणूस, घरात तो दोघींच्या मध्ये येत नसे. “अहो, तुम्ही तरी सांगा तिला,” असं काकूंनी म्हटलं की तो पाण्याचा पेला तोंडाला लावायचा आणि विषय बदलेपर्यंत पाणी प्यायचा.

मुलाखतींना चार दिवस उरले असताना तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर बंद पडला. कक्षप्रमुख सर स्वतः जिना उतरून आले. हा माणूस नीटनेटका, शर्टाला सुरकुती नाही. त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला आणि वाकून, डोकं सांभाळत म्हणाले, “बेचाळीस बायोडाटे आहेत. संस्थेच्या नियमाप्रमाणे नावं, पत्ते काढलेत, फक्त क्रमांक ठेवलेत. आज एकेक कच्ची प्रत द्या. मुलं तपासतील, उद्या दुपारी बारापर्यंत पक्क्या प्रती. आणि काकू, फक्त छापायचंय. सुधारायचं नाही.”

“छे छे, मी कशाला सुधारतेय?” काकू म्हणाल्या. त्या क्षणी त्या मनापासून बोलत होत्या.

पहिल्या तीन प्रती त्यांनी डोळे मिटल्यासारखं करून काढल्या. चौथीवर ‘छंद, वाचन’ आलं आणि काकूंचा निर्धार तिथेच संपला. दुपारभर पेन्सिल चालली. क्रमांक नऊवर त्यांनी ‘हे कोणाला पटेल?’ असं लिहिलं, क्रमांक एकोणीसवर ‘छान, पण आईवडिलांच्या जिवावरचा प्रवास हा अनुभव नव्हे’. क्रमांक एकतीसपाशी मात्र त्या थांबल्या. गुण उत्तम. संगणकाच्या सात प्रणाली येतात. भाषा शुद्ध. एक चूक नाही, आणि धरून ठेवावं असंही काही नाही. हा कागद कोणाचाही असू शकला असता. काकूंना अशा कागदाचा खोट्या कागदापेक्षा जास्त राग यायचा. त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘यात माणूस कुठे आहे? असल्याला मी तरी बोलावणार नाही.’

मग गठ्ठा तिसऱ्या मजल्यावर पाठवून त्या चहाला गेल्या.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर एक कागद. त्यावर आडवी लाल रेघ.

काकूंनी कागद पाहिला. मग क्रमांक पाहिला. मग लेकीचा चेहरा. 

“हा तुझा?”

“हो.”

काकू मटकन खुर्चीत बसल्या. एकवीस वर्षं एका छताखाली राहिलेली आपली मुलगी आपल्याला एका पानावर ओळखू आली नाही, याचं त्यांना भयंकर वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगा, त्या दुःखातही त्यांची नजर कागदावरून फिरली आणि आपण लिहिलेलं बरोबरच आहे, असं त्यांना पुन्हा एकदा वाटलं.

“त्या गठ्ठ्यात तुझाही कागद असेल, हे पेन्सिलीच्या नादात ध्यानातच आलं नाही. माहीत असतं तर मी असं लिहिलं नसतं गं,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर तुला दाखवत नव्हते. तू माझ्याशी गोड बोलली असतीस.” लेकीने लाल रेघेवरून बोट फिरवलं. “पण खरंय ते. माणूस नाहीये त्यात. मी केलेलं एकच धड काम आहे, आणि ते मी त्यात घातलं नाही.”

“कोणतं काम?”

लेकीने चौकटीची वही टेबलावर ठेवली. स्टुलावर बसून जी भरली जायची तीच. काकूंनी उघडली. अभ्यास नव्हता. पानांमागून पानं नावं होती, तारखा होत्या, पुढे खुणा होत्या.

“दोन वर्षांत तुझ्याकडे बायोडाटा घेऊन आलेला प्रत्येकजण यात आहे,” लेक म्हणाली. “मी नसताना आलेल्यांची नावं तुझ्या संगणकातून घेतली,” ती पुढे म्हणाली. “सहाशे बारा जण. निवडीच्या याद्या फलकावर लागतात, त्यांच्याशी मी ही नावं ताडून पाहिली. आणि जे तुझ्याकडे कधी आलेच नाहीत, त्यांचीही मोजदाद केली.”

काकूंचा चेहरा उजळला. “मग? नव्वद टक्के ना?”

 टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला.

“तुझ्याकडे आलेल्यांपैकी शंभरात चौतीस जणांना नोकरी लागली, आई. न आलेल्यांपैकी तेहतीस जणांना.”

“काहीतरीच! अगं, मग ती भिंत? ते चॉकलेटचे डबे?”

“ज्यांना नोकरी लागते तेच डबे घेऊन येतात ना? ज्यांना लागत नाही ते कशाला येतील तोंड दाखवायला? ते मागच्या फाटकाने घरी जातात. तुला ते दिसतच नाहीत.”

 काकूंना ती मागच्या फाटकाने गेलेली मुलं एकदम दिसायला लागली. तो उंच, दोनदा कपाळ आपटलेला. ती चष्म्याची, जिला त्यांनी रडवून हसवलं होतं. त्यानंतर ती कधी आली होती का परत? काकूंना आठवेना. त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

“चौतीस आणि तेहतीस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणजे एक जास्त आहे तरी.”

“एवढा फरक योगायोगाने पडतो.”

“योगायोग कशाला? तो एक तरी माझा धर.”

“नाही धरता येत, आई.”

बापाने पेला खाली ठेवला. पाणी केव्हाच संपलं होतं. “म्हणून लिहिलं नाहीस होय हे?” त्याने लेकीला विचारलं.

“आईच्या भिंतीवर मी कशाला घाव घालू?” लेक म्हणाली. “तिला दुखावून मिळालेली नोकरी काय कामाची?”

काकूंनी वही मिटली. राग आला होता, तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. आकड्यांवर काढून उपयोग नव्हता. शेवटी त्या उठल्या, कणीक मळायला घेतली आणि ती इतकी मळली की त्या रात्री पोळ्या फार मऊ झाल्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जिन्याखालची खोली उघडली तेव्हा रांगेत सहावी लेक उभी होती. काकूंनी तिला पुढे बोलावलं नाही, आणि तीही आली नाही. पाच जणांची यथास्थित हजामत झाली. मग लेक वाकून आत आली. सवय होती, डोकं आपटलं नाही.

“बोला,” काकू म्हणाल्या. “काय काम केलंत?”

रांगेतल्या मुलांनी कान टवकारले. लेकीने आईकडे पाहिलं. “तुला चालेल?”

“मला काय विचारतेस? नोकरी तुला हवीय. काम केलंयस ना? मग लिही की गाढवा!”

आणि काकूंनी स्वतःच्या हातांनी टाइप केलं. विद्यापीठातल्या एका लोकप्रिय सल्लाकेंद्राच्या परिणामाचा दोन वर्षांचा अभ्यास, सहाशे बारा नोंदी, निष्कर्ष असा की सल्ल्यामुळे निवडीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘लोकप्रिय’ हा शब्द त्यांनी आपणहून घातला. लेकीने तो काढायला सांगितलं, तेव्हा काकूंनी पहिल्यांदाच ऐकू न आल्याचं सोंग केलं. पावणेबाराला बेचाळीस पक्क्या प्रती तिसऱ्या मजल्यावर गेल्या. कक्षप्रमुख सरांनी एकतीस क्रमांक वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि ते तिथलं थंड पाणी स्वतःच प्यायले.

मुलाखत दहा मिनिटांची असते. लेकीची पाऊण तास चालली. समोर तिघे होते. त्यांनी गुण विचारले नाहीत, सात प्रणालींपैकी एकही विचारली नाही. नोंदी कशा घेतल्या, चुका कुठे होऊ शकतात, परत न येणाऱ्यांचा माग कसा काढला, एवढंच विचारत राहिले. शेवटी त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, “हे सल्लाकेंद्र कोणाचं?”

“माझ्या आईचं.”

“तिने वाचलंय हे?”

“तिनेच टाइप केलंय.”

बाईंनी बायोडाटा पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

चार दिवसांनी यादी लागली. दोन नावांतलं एक लेकीचं होतं. तोपर्यंत तिच्या अभ्यासाचं चौतीस-तेहतीसच्या आकड्यांचं पान काकूंनी ठळक अक्षरांत छापून भिंतीवर, कार्डांच्या बरोबर मधोमध चिकटवलं होतं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हतीच. रांगेतल्या एका आगाऊ मुलाने ते मोठ्याने वाचलं.

“काकू, यात तर म्हटलंय की तुमच्यामुळे काही फरक पडत नाही.”

“वाचलंस ना? मग रांगेत कशाला उभा आहेस?”

मुलगा ओशाळून हसला. “तुम्ही विचारता म्हणून. दुसरं कोणी विचारत नाही.”

“नोकरी नाही लागली तरी यायचं,” काकू म्हणाल्या. हे त्या आता प्रत्येकाला दम भरून सांगत. “मागच्या फाटकाने पळालास तर याद राख.”

तेवढ्यात लेक आत आली, हातात नेमणुकीचं पत्र. काकूंनी ते तीनदा वाचलं. मग कानामागची लाल पेन्सिल काढली, भिंतीवरच्या पानाशी गेल्या, चौतीसवर काट मारली आणि शेजारी पस्तीस लिहिलं.

“आई! एका माणसाने टक्का हलत नाही.”

“तुझ्या वहीत नसेल हलत,” काकू म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी बाहीला पुसले आणि रांगेकडे वळल्या. “चला, पुढचा कोण? छंदात वाचन लिहिलं असेल तर आत्ताच कबूल कर.”