प्रायव्हेट लिहिलेला रिपोर्ट

आत्या न्हावऱ्याला आमच्याच घरात राहायची. आईला सांगितलं नाही ते मला सांगायची. तिच्या तांबड्या गाईनं गाभ टाकला, रक्ततपासणीत संसर्गाचा संशय आला, तेही आधी मलाच. दुसरी तपासणी होईपर्यंत त्या गाईचं दूध ती खड्ड्यात ओतायची, डेअरीला बाकीच्या गाईंचंच घालायची.

मी तेव्हा दौंडच्या एका लहानशा कंपनीत नुकतीच लागलेली. दुधाच्या नोंदींसाठी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर, अनेक कॉम्प्युटरांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीवर, चालणारा प्रोग्राम, लिहीत होते. चाचणीला खरी नोंद हवी होती. आत्याला विचारलं, तुझ्या गाईचा रिपोर्ट घालू का?

"कुणाला दिसंल का गं?"

"छे! प्रायव्हेट लिहिलंय त्यावर."

दीडशहाणी मी! प्रायव्हेट लिहिलं की दुसऱ्या प्रोग्रामना ते व्हेरिएबल, म्हणजे माहितीचा तो कप्पा, वापरता येत नाही, एवढंच. माणसांपासून काही लपत नाही, ब्लॉकचेनवरचा साठा कुणीही उघडून वाचावा. एखाद्या कामापुरतंच बनवलेलं व्हेरिएबल काम झालं की नाहीसं होतं, हे तर कायमचं साठवलेलं. शिकताना पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं मी हे सगळं. पण घाई होती ना, मेलीला!

ऑफिसातल्या एकानं साठा वाचला. तो निघाला आमच्याच भागातला; आत्याचं नाव बघून गावात सांगत सुटला. दोन दिवसांत डेअरीनं आत्याचं सगळंच दूध बंद केलं. ताक न्यायला येणाऱ्या बाया यायच्या थांबल्या. पुढं दुसरी तपासणी चांगली आली, पण कुणाला पटेना.

"पुसून टाक की ते," आत्या म्हणाली.

"पुसता येत नाही गं."

ती उठून गोठ्यात गेली. दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, नाही असं नाही. जेवलीस का, एसटी मिळाली का. त्यापुढं काही नाही. मला वाटलं, होईल हळूहळू सगळं पहिल्यासारखं.

यंदा तिच्या छातीतली गाठ चिघळली तेव्हा घरात कळलं. वर्षभर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी रडत रडत म्हटलं, "आगं, मला तरी सांगायचंस!"

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"दोनदा आले हुते तुझ्या खोलीत. तू कॉम्प्युटर उघडून बसलेली. मग माघारी फिरले."