जरा अंधार द्या

विश्वनाथअप्पा कलशेट्टी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते डांबराच्या एका रिकाम्या पिंपाभोवती फेऱ्या मारत होते. माकणीच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मी त्याच दिवशी रुजू झालो होतो. चित्रकलेच्या वर्गात हे काय चाललंय ते कळेना, म्हणून शिपाईमामांना हळूच विचारलं, "सरांचा काही नवस आहे का?"

"न्हाय हो, आरसा घासायलेत," मामा म्हणाले. "दुर्बीण करायलेत. चंद्र बघायचाय त्यान्ला."

पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी, मध्ये ओली कुरुंदाची पूड. सर काच घासत, थोडे सरकत, पुन्हा घासत. कित्येक महिन्यांनी त्यातून आरसा झाला. सर चित्रकलेचे शिक्षक, त्यामुळे खगोलातलं सगळं त्यांना ठाऊक होतं असं नाही. पण हौस दांडगी. एकदा धूमकेतू दाखवतो म्हणून त्यांनी अर्धं गाव धरणाच्या भिंतीवर नेलं आणि ढगांशिवाय कुणाला काही दिसलं नाही. पुढं बरेच दिवस टपरीवर लोक विचारत, "अप्पा, शेपूट घावलं का?" सर सगळ्यांत मोठ्यानं हसत.

शनिवारी दिवेलागणीला शाळेच्या मैदानावर दुर्बीण लागे. त्याआधी सर मैदानालगतच्या घरांपुढं जाऊन उभे राहत आणि म्हणत, "जरा अंधार द्या." शेजारी ताक मागायला आला की द्यावं, तितक्या सहज लोक अंगणातला दिवा मालवून त्यांना अंधार देत.

तिथं राहणाऱ्या गंगाबाईंना साडेसातीची मोठी धास्ती. दिवा मालवत, पण दुर्बिणीपाशी येत नसत. सरांनी एकदा त्यांचा हात धरून त्यांना आणलं. "मावशी, शनी लई लांब हाय. तुमच्याकडं बघायला त्याला सवड न्हाय."

गंगाबाईंनी भीतभीत डोळा लावला आणि काढीचनात. मागं रांग खोळंबली. "एवढासा व्हय! अन् ह्याला आमी जलमभर भ्यालो!" त्यांचं मन भरेपर्यंत सरांनी कुणालाही घाई करू दिली नाही.

सरांच्या निवृत्तीनंतर त्यांच्या विद्यार्थ्यांनी, त्यातले बरेच आता पुण्याला असतात, कृतज्ञतेपोटी एक बेत केला. सरांनी आपल्याला प्रकाश दाखवला, असं प्रत्येकाच्या भाषणात यायचं. म्हणून त्यांनी शाळेच्या मैदानावर सरांच्या नावाची पाटी लावून हायमास्ट दिव्याचा खांब उभारला. अलंकार शिकवण्यात माझी हयात गेली. पण कुणी अलंकार असा खरा करून खांबावर टांगील, हे मनातही आलं नव्हतं. सरांना आधी कल्पना नव्हती. बटण त्यांच्याच हातून दाबवलं. मैदान लख्ख झालं, टाळ्या पडल्या. सरांनी सवयीनं वर पाहिलं, मग खाली पाहिलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

तेव्हापासून दुर्बीण गोधडीखाली आहे. मला याची फार हळहळ वाटते, आणि दोष द्यावा असा कुणी नाही, म्हणून ती जास्तच वाटते. धरणावर अजून अंधार आहे, पण तिथवर जायला सरांचे गुडघे साथ देत नाहीत. विद्यार्थी मोबाईलवर अंतराळातली चित्रं पाठवतात, रंगीत तेजोमेघ, दीर्घिका. सर ती चित्रकाराच्या नजरेनं पाहतात, "रंग झकास हायत," म्हणतात. मग मोबाईल बाजूला ठेवून म्हणतात, "पण हे दुसऱ्यानं बघितलेलं हाय." दुर्बिणीला मोबाईल लावून त्यांनी स्वतः टिपलेला शनी बैठकीत टांगलेला आहे. तो तिळाएवढा आहे आणि पुसटही. पाहुण्यांना ते तोच दाखवतात.

दिवा थोडा वेळ बंद ठेवायला सांगू का, असं मी विचारलं होतं. "पोरांनी मायेनं दिलंय," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडावर कसं म्हणू?"

आता त्यांचा उजवा डोळा गेला आहे. डाव्याचाही भरवसा डॉक्टर देत नाहीत.

पंचाहत्तरीनिमित्त काय हवं, असं विद्यार्थ्यांच्या गौरव समितीनं विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "काही नको. तुम्ही लई दिलंय." समितीनं तो विनय समजला आणि सरांच्या दारापुढं दुसरा खांब द्यायचं ठरवलं. मी मराठीचा मास्तर, शब्दांचा कीस काढायची मला खोड आहे. त्या 'लई'चा अर्थ नुसता 'पुष्कळ' असा नव्हता, 'आता पुरे' असाही होता. हे गौरव अंकात छापून आल्यावर सर माझ्यावर रागावतील. रागावू देत.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांचा डावा डोळा त्यांना अखेरपर्यंत साथ देवो. समितीतल्या माझ्या विद्यार्थ्यांनो, दुसरा खांब उभारू नका आणि सोहळ्याच्या संध्याकाळी पहिला मालवा. गोधडी काढायला मी जाईन. घरोघर फिरणं आता सरांना होत नाही. या खेपेला अंधार आपणच त्यांच्या दारी नेऊन देऊ या.