एका पडवीतल्या दोन बॅटऱ्या

त्या घरात मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी टेम्पोतलं सामान अजून खाली उतरलं नव्हतं, तोवर थोरल्या भावानं धाकट्याच्या थोबाडीत मारली. धाकटा काही पोरगा नव्हता. दोन लेकरांचा बाप होता, मिशा पिकायला लागल्या होत्या. त्यानं हात उचलला नाही. अंगणात गेला, चुलीसाठी ठेवलेला दगड उचलला आणि थोरल्याच्या मोटरसायकलचा पुढचा दिवा फोडला. मग शांतपणे येऊन मला म्हणाला, "ताई, तुमी तुमचं काम करा."

भांडण आम्ही आणलेल्या बॅटरीवरून होतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. अब्बा रेल्वेत होते. डब्यांतले दिवे-पंखे ज्यांवर चालतात त्या बॅटऱ्यांची देखभाल करायचे. त्यांच्या पँटीला ॲसिडनं पडलेली भोकं अम्मी रफू करत बसायची. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर मला शिक्रापूरला एका सोलरच्या दुकानात नोकरी लागली. दुकान हायवेला खेटून होतं. ट्रक गेला की काउंटरवरची काच थरथरायची. सगळीकडं लोडशेडिंग होतं, त्यामुळं दुकान बरं चालायचं. एका कारखान्यानं घरगुती सोलरसाठी नवीन तऱ्हेची बॅटरी काढली होती. जास्त टिकते, पाणी कमी पिते, असं त्यांचं म्हणणं. बाजारात आणायच्या आधी ती खऱ्या घरात, जुन्या बॅटरीच्या शेजारी ठेवून बघायची होती. मालकांनी आमची जुनी गिऱ्हाइकं निवडली. काही शिरूर तालुक्यातली, काही दौंडकडची. दर आठवड्याला जाऊन दोन्ही बॅटऱ्या तपासायचं काम माझ्याकडं आलं.

हे घर पाटसच्या पुढं, नदीच्या अंगाला, उसात बुडालेल्या एका वस्तीवर होतं. तिथं विजेचे खांब पोचलेच नव्हते. दोघा भावांच्या वडिलांनी हयातीत आमच्याकडूनच एक पॅनेल आणि बॅटरी घेतली होती. ते गेल्यावर वाटणी झाली. घराच्या मधोमध भिंत आली. पॅनेल आणि बॅटरी थोरल्याच्या वाट्याला गेली, धाकट्याकडं रॉकेलची चिमणी राहिली. म्हणून नवी बॅटरी धाकट्याच्या बाजूला जोडायची, असं मालकांनी ठरवलं. तेवढ्याच ताकदीचं दुसरं पॅनेल, तसलाच दिवा, आणि दोन्ही बॅटऱ्या समोरच्या सामाईक पडवीत एकाच बाकड्यावर, म्हणजे ऊन-वारा दोघींना सारखा. चाचणी संपली की थोरल्यालाही नवी बॅटरी मिळेल, हे मालकांनी स्वतः सांगितलं होतं.

थोरल्याचा त्यावर विश्वास बसला नाही. उंच, हाडापेरानं दणकट माणूस. बोलताना दात आवळून बोलायचा. मला म्हणाला, "म्हंजी जुनं माझं आन् नवं त्याचं. वाटणीत बी असंच केलं व्हतं. विहिरीकडंचं रान त्याला, खडक मला." मी समजावायला गेले, पण मी बाईमाणूस, त्यातून वयानं लहान. त्यानं माझ्याकडं पाठ केली आणि भावाच्या थोबाडीत मारली.

पुढच्या काही आठवड्यांत जे व्हायचं तेच झालं. जुन्या बॅटरीचा दिवा दिवेलागणीला बरा पेटायचा आणि जेवणं होईतो लालसर होऊन जायचा. नव्या बॅटरीचा दिवा माणसं झोपेपर्यंत तसाच पांढरा. मी दुपारी दुकानाच्या टेम्पोतून जायची, ड्रायव्हर गाडी रस्त्यालाच थांबवायचा. बॅटरीतलं ॲसिड किती दमदार आहे ते काचेच्या नळीनं बघायची, मीटर लावायची, पाणी घालायची. थोरल्याची बायको माझ्या मागं उभी राहून बघायची. मी तिला वहिनी म्हणायची. सावळी, बारीक बाई होती. फारसं बोलायची नाही, पण बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नदीचं नाही, हे तिनं एकदाच ऐकलं आणि पाळलं. भिंतीपलीकडं धाकट्याच्या बायकोशी ती बोलत नसे. बोललेलं नवऱ्याला चालत नव्हतं.

एकदा गेले तर तिच्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांच्या काचांनी कापलेलं होतं आणि कानामागचे केस मुळासकट उपटल्यासारखे दिसत होते. मी विचारलं. आधी म्हणाली, गोठ्यात पडले. मग माझ्या हातातली नळी बघत बघत म्हणाली, "ज्वारी निवडायची व्हती. आमच्या दिव्यात खडा दिसना. म्हनून तिकडच्या उजेडात जाऊन बसले."

धाकट्याच्या दारातून उजेड अंगणात पडायचा. तिथं ती सूप घेऊन बसली होती. नवऱ्यानं केसाला धरून तिला अंगणातून फरफटत आणलं. सूप पायानं उडवलं. ज्वारी मातीत गेली, ती तिला अंधारात, हातानं चाचपत, गोळा करायला लावली. हे तिनं सांगितलं तेव्हा आवाज जराही हलला नाही. 

मी शिक्रापूरला येऊन मालकांना सांगितलं की त्या घरातली चाचणी बंद करा, नाहीतर थोरल्याला आजच नवी बॅटरी द्या. मालक माणूस वाईट नव्हता. ते त्या वस्तीवर जाऊन आले, थोरल्याची समजूत घालून आले. पण कारखान्याला विचारल्याशिवाय जोडणी बदलता येत नव्हती, आणि कारखान्याकडून उत्तर काही येईना. मालक म्हणाले, नवराबायकोचं भांडण बॅटरीमुळं होत नसतं, बॅटरी नव्हती तेव्हाही होत असणार. ते खरंच होतं. वहिनीच्या पाठीवर जुने वळ होते, ते मला तिनं पुढं दाखवले.

मग एका आठवड्यात नवी बॅटरी एकदम उतरलेली आढळली. पुढच्या आठवड्यात आणखी. उलट जुनीचा दिवा बराच वेळ टिकायला लागला होता, असं धाकट्यानं सांगितलं. मला काही उमगेना. उन्हाचे दिवस, पॅनेल स्वच्छ, पाणी बरोबर. मी जुन्या बॅटरीला हात लावला तर ती तापली होती. झाकणाशी कान नेला तर आत आधण उकळल्यासारखा आवाज, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. बाकड्याखाली कुणीतरी गोणपाट सरकवून ठेवलं होतं. ते मी ओढलं. खाली दोन तारा होत्या. जुन्या बॅटरीपासून नव्या बॅटरीपर्यंत, नीट साल काढून जोडलेल्या.

नवीतली वीज आपल्या दिव्याला यावी म्हणून थोरल्यानं दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. बॅटरीतलं एक घर, म्हणजे सेल, आतून खराब झालेलं असलं की ती कधी भरतच नाही. शेजारी दमदार बॅटरी जोडली तर तिच्यातलंही ओढून घेते, त्यातलं थोडं दिव्याला मिळतं, बाकी सगळं नुसतं उष्णतेत आणि वायूत जातं. तो वायू पेटणारा असतो. एक ठिणगी पुरते. मी पटकन उठले, आधी वरच्या पॅनेलची वायर काढावी म्हणून. पण धाकटा माझ्या मागंच उभा होता. त्यानं तारा बघितल्या होत्या.

 गोठ्याच्या भिंतीला पहार टेकवलेली होती, ती त्यानं घेतली आणि भावाला हाक मारली. थोरला उसातून आला होता, हातात कोयता होताच. मी ओरडले की बॅटरीजवळ येऊ नका, वायू आहे, ठिणगी पडेल. दोघांपैकी कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

थोरल्यानं पहिला वार केला. धाकट्यानं तो पहारीवर झेलला, पण कोयता घसरून त्याच्या डाव्या हातावर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लोंबायला लागलं. रक्ताची धार पडवीच्या जमिनीवर उडाली. धाकट्याची बायको दारात लेकरांचे डोळे झाकून उभी होती. वहिनी धावली ती नवऱ्याच्या हाताला लटकली. त्यानं कोपरानं तिचं तोंड फोडून तिला बाजूला टाकलं. धाकट्यानं एका हातानं पहार वर नेली. भावाच्या डोक्यातच घालायची होती त्याला. थोरला वाकला. पहार बाकड्यावर पडली, जुन्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवी.

निळा प्रकाश दिसला. मग आवाज आला. गावठी बॉम्ब फुटावा तसा, कोरडा. बॅटरीचं झाकण आढ्याला लागून खाली आलं. पत्र्यावरची कबुतरं उडाली. माझ्या कानात शिट्टी वाजत होती आणि त्या शिट्टीतून थोरल्याची किंकाळी लांबून यावी तशी येत होती. तो बाकड्यावर वाकलेला होता, सगळं ॲसिड त्याच्या तोंडावर गेलं होतं. काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे गालात रुतले होते.

ॲसिड म्हटलं की आधी पाणी, बाकी सगळं नंतर, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी वहिनीला ओरडून सांगितलं की पाणी आण, मिळेल तितकं आण. ती गुरांच्या हौदावर धावली. थोरला जमिनीवर लोळत होता आणि दोन्ही हातांनी डोळे चोळत होता. तेच करायचं नव्हतं. मी त्याच्या छातीवर बसले, हात ओढून धरले. आंधळ्या रेड्यासारखा तो लाथा झाडत होता. एक गुद्दा माझ्या तोंडावर बसला, पुढचा दात तुटून ओठात घुसला. मी त्याच्या कानाखाली सगळ्या ताकदीनं मारली. एकदा नाही. मारताना मला बरं वाटलं, हे खरं आहे. मारामुळं तो क्षणभर थांबला आणि वहिनीनं पहिली बादली त्याच्या उघड्या डोळ्यांवर ओतली.

तिचं स्वतःचं नाक फुटलं होतं. रक्त हनुवटीवरून बादलीत ठिबकत होतं. ती हौदाकडं जात होती, येत होती, ओतत होती. मध्येच धाकट्याची बायको आली आणि घागर घेऊन तिच्या बरोबरीनं ओतायला लागली.  धाकटा भिंतीला टेकून बसला होता. लोंबती बोटं त्यानं टोपीत गुंडाळली होती आणि भावाकडं बघत होता. पहार अजून त्याच्या मांडीवर होती.

आमच्या टेम्पोतून दोघांनाही दौंडला दवाखान्यात नेलं. वाटेत दोघांच्या मध्ये मी आणि वहिनी बसलो, कारण थोरला दिसत नसतानाही हातानं भावाला शोधत होता. त्याचा एक डोळा गेला. दुसरा वाचला, पण डॉक्टर म्हणाले की अंधुकच दिसेल. धाकट्याची दोन्ही बोटं काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी हवालदार वॉर्डात आला. तोंडाला पट्ट्या बांधलेला थोरला म्हणाला की भावानं मुद्दाम ॲसिड फेकलं. हवालदारानं वहिनीकडं बघितलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, सुजलेल्या नाकानं. मला वाटलं ती गप्प राहील.

ती म्हणाली, "कोयता आधी ह्यांनी चालवला. तार बी ह्यांनीच जोडली. आन् मला रोज मारत्यात, ते बी लिहा."

हवालदार म्हणाला की ती बाब वेगळी आहे, तिची तक्रार वेगळी द्यावी लागेल.

"वेगळी न्हाई," वहिनी म्हणाली. "तेच हात हायेत."

थोरल्यानं आवाजाच्या दिशेनं पाण्याचा तांब्या फेकून मारला. तो तिला लागला नाही, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला लागला. मग वॉर्डात एवढा गोंधळ झाला की हवालदाराला त्याला धरून ठेवावं लागलं. सगळं लिहून घेतलं गेलं. दोघा भावांवर केस झाली, पुढं कित्येक वर्षं तारखा पडत राहिल्या.

वहिनी वस्तीवर परत गेली नाही. काही दिवस आमच्याकडं कॉलनीत राहिली. अम्मीनं तिला आमच्या खोलीतच अंथरूण घातलं. नंतर मीच तिला शिक्रापूरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लावलं. तिनं आमच्या दुकानासमोरच्या चाळीत खोली घेतली. बाकीच्या घरांतल्या चाचण्या नीट पार पडल्या. नवी बॅटरी चांगलीच निघाली, पुढं आम्ही कितीतरी विकल्या. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही घरात दोन बॅटऱ्या बसवल्या की आधी माणसांकडं बघते, मग मीटर काढते.

साधारण वर्षभरानं थोरला तिला न्यायला आला. पहिली पाळी सुटायची वेळ होती. चाळीच्या तोंडाशी, रस्त्यावर उभा राहून तो तिला शिव्या देत होता. मी दुकानातून बघितलं आणि धावत गेले. तोवर त्यानं तिचा हात धरला होता. आजूबाजूच्या खोल्यांतून बिहारी, मराठवाड्यातले, असे कामगार बाहेर आले आणि त्याच्यावर तुटून पडले. त्याला धड दिसतही नव्हतं. मार कुठून येतोय ते त्याला कळत नव्हतं. मान इकडून तिकडं फिरवत तो हात हवेत मारत होता. कुणीतरी त्याला गटारीत पाडलं, कुणीतरी कमरेत लाथ घातली, एकानं वीट उचलली.

वहिनीनं ती वीट धरली. त्या माणसाच्या हातातून काढून घेतली आणि खाली टाकली.

"मारू नका," ती म्हणाली. "चौफुल्याची एसटी आली का बगा. त्यात बसवा ह्याला."

इतकी वर्षं ती त्याला 'अहो' म्हणत आली होती, आज 'ह्याला' म्हणाली. थोरल्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण हवेत मारणारे हात त्यानं खाली घेतले. आम्ही दोघींनी त्याला गटारीतून वर काढलं. एसटीत चढवताना त्यानं विचारलं की वस्तीवर खांब पोचले, लाइट आली, तुला कळलं का.  तिनं त्याला खिडकीशी बसवलं, कंडक्टरला सांगितलं की ह्याला नीट दिसत नाही, चौफुल्याला उतरवून पाटसच्या गाडीत बसवून द्या. गाडी हलली. तिनं नळावर हात धुतले, पदरानं पुसले, आणि म्हणाली की दुसऱ्या पाळीत एक बाई आली नाही, तिच्या जागी जायचं आहे, उशीर झाला.