मझौलीत नसलेलं दुकान

माझी थोरली बहीण शहरात, दीक्षितपुऱ्यात घरीच बूट बनवते. ज्यांचा एक पाय आखूड आहे, पंजा वाकडा आहे, अशांसाठी. पुढची खोली हेच दुकान. तिला मी एक साधी वेबसाइट करून दिली होती: चार फोटो, पत्ता, फोन नंबर. मग भाऊजी रेल्वेतून रिटायर झाले, त्यांनी कुठलासा ऑनलाइन कोर्स केला आणि पासवर्ड मागितला. माकडाच्या हाती कोलीत देतात म्हणे. मी ते हौसेनं दिलं.

पंधरा दिवसांत साइटवर गावागणिक, मोहल्ल्यागणिक एकेक पान उगवलं. ‘ओमतीतील सर्वोत्तम बूट’, ‘मझौलीतील सर्वोत्तम बूट’. मजकूर सगळीकडे एकच, फक्त नाव बदललेलं. ‘मझौलीत बूट हवेत? मझौलीचे बूट, मझौलीतच.’ एकेका पानात गावाचं नाव इतक्यांदा की डोकं उठावं. फोन नंबर त्या ढिगाखाली, पार तळाशी.

“भाऊजी, मझौलीत आपलं आहे काय?”

“पान आहे ना. तू काहून चिडून राहिला? लोक गावाचं नाव टाकूनच शोधतात. अच्छा, हा ग्राफ पाह्य, कसा वर चालला.”

साइट पाहणाऱ्यांचा ग्राफ वर चालला होता खरा. दुकानात मात्र पूर्वीइतकीच माणसं येत होती. मी दोनदा भांडलो, मग कंटाळून सोडून दिलं. त्या कंटाळ्याची मला अजून लाज वाटते.

एका दुपारी मझौलीहून एक बाई आली. डावा पाय आखूड, चपलेखाली रबराचे तुकडे बांधलेले. मुलीच्या मोबाइलवर तिनं आमचं पान पाहिलं होतं आणि लागोपाठ दोन बाजारांच्या दिवशी मझौलीभर लंगडत दुकान शोधलं होतं. शेवटी मुलीला तळाचा नंबर दिसला.

“लिखा था मझौली में, भैया. पूरा बाजार छान मारा,” ती म्हणाली. “हमें लगा, हम ही नहीं ढूँढ पा रहे.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईनं तिचा पाय मांडीवर घेतला. घोटा सुजलेला, टाचेला फोड. सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर बूट ढिला होतो, म्हणून माप घेताच येईना. म्हणजे बाईला पुन्हा एक खेप.

“ही नाही येणार आता,” ताई भाऊजींकडे पाहत म्हणाली. “सूज उतरली की आपण जायचं.”

त्याच संध्याकाळी मी सगळी पानं उडवली. “ग्राफ पडेल ना,” भाऊजी म्हणाले. पडू द्या म्हटलं. साइटवर सगळ्यात वर ठळक लिहिलं: दुकान एकच आहे, दीक्षितपुऱ्यात. येण्याआधी फोन करा.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं बसनं मझौलीला गेलो. बाईच्या ओसरीवर ताईनं पुठ्ठ्यावर पाऊल ठेवून घेतलं आणि पेन्सिल फिरवली. पुठ्ठा हलू नये म्हणून भाऊजी उकिडवे बसून तो धरून होते. शेजारपाजारचे जमले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “यहाँ दुकान खोल रहे हो क्या?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“नहीं जी,” ते म्हणाले. “मझौली में हमारी कोई दुकान नहीं है.”