हुकलेली पेनल्टी

दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका हॉटेलात मी सकाळी नाश्त्याच्या काउंटरवर आम्लेटं करतो. गेल्या थंडीत एक उंच, टकला इंग्रज आठवडाभर राहायला होता. आम्लेट होईपर्यंत तो समोर उभा राहून गुडघा चोळायचा. आपण सतरा वर्षं स्ट्रायकर होतो, नऊ क्लबांकडून खेळलो, हे त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं. मी वसईचा, फुटबॉलवेडा, तरी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. "हरकत नाही," तो म्हणाला, पण जरा हिरमुसलाच. मग कुणी इंग्रज पाहुणा प्लेट घेऊन आला, की हा पोट आत घेऊन ताठ उभा राहायचा. पाहुणे अंडी घेऊन निघून जायचे.

शेवटच्या सकाळी एक म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघत थांबला.

"तूच ना तो?"

ह्याने लगबगीने हात पुढे केला.

"तू पेनल्टी हुकवलीस आणि आमची टीम खालच्या लीगमध्ये गेली. माझी बायको दोन दिवस रडत होती."

मला वाटलं, आता खलास. मी गॅस बारीक केला.

"सॉरी," हा म्हणाला. "मिसेस कशा आहेत आता?"

"ती काय, तिकडे बसलीय. चल, तिलाच सांग."

हा माझ्याकडे वळला. "बघितलंस? ओळखलं मला. आम्लेट त्यांच्या टेबलावर पाठव."

तासभर तो त्या बाईंची बोलणी खात बसला होता. आठवडाभरात त्याला इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.