पाटीवर आलेला हार

“बनलं त ठीक. पण पोचलं कुठी?” हे तिचं नेहमीचं. गावाहून बसनं पाठवलेला डबा असो की पेशीतलं प्रथिन, तिचा प्रश्न हाच.

ती धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. मी भद्रावतीची, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि हे मी न लाजता सांगते. चंद्रपूरला एमएस्सीला ती माझ्या एक वर्ष पुढे. मी तिला ताई म्हणायचे.

प्रकल्पाला तिनं अवघड विषय घेतला. एकाच जनुकापासून प्रथिनाची दोन रूपं बनतात, एक लांब, एक आखूड. लांबाच्या पुढच्या टोकाला जादा तुकडा असतो, तोच त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरतं. आखूड बाहेरच्या द्रवातच राहतं. हे दिसावं म्हणून तिनं दोघांच्याही पुढच्या टोकाला चमकणारा तुकडा जोडला. नागपूरच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दोन्ही पेशीभर पसरलेली!

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, “सोड हे. पानांच्या अर्काचा सोपा विषय घे, नाहीतर वर्ष जाईल.”

“गेलं त जाऊ द्या सर. विषय नाई बदलत.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “घरी काय सांगशील?”

“सांगीन, पोरगी हाये, प्रथिन हरवलं. शोधून राह्यली.”

दसऱ्याला ती आमच्याकडे भद्रावतीला खीर खायला आली. संध्याकाळी तिला स्टँडवर सोडायला गेले. ड्रायव्हरनं गाडीला झेंडूचा जाड हार घातलेला, नेमका गावाच्या नावाच्या पाटीवर. एक म्हातारी वैतागून विचारत होती, “हे गाडी कुठी जाते जी?”

“चंद्रपूर! चढ ना माय.”

“मंग पाटी काऊन झाकली?”

ताईनं माझा दंड घट्ट धरला. “मीबी तेच केलं वं! चमकणारा तुकडा पत्त्याच्याच समोर बांधला. शेपटीले बांधाचा होता!”

तिनं सगळं पहिल्यापासून केलं. पेशी दोनदा बुरशीनं गेल्या. वीज जायची तेव्हा ती नळ्या बर्फात खुपसून उभी राहायची, सरांच्या दारासमोरच, मुद्दाम.

आता ती दूर दक्षिणेत संशोधन करते, क्वचित फोन येतो. मला आठवते ती नागपूरची दुपार. आखूड प्रथिन पेशीभर पसरलेलं, आणि लांब मात्र ऊर्जाघरांच्या बारीक धाग्यांत लखलखत होतं. ती उठली. सोबत आलेल्या सरांपुढं सूक्ष्मदर्शकाजवळचं स्टूल सरकवलं. “बसा सर. घाई नाई.”

सर बराच वेळ उठेनात. मी बाहेर आले, तर ती पायरीवर बसून पोळी-चटणी खात होती, सकाळपासूनचा पहिला घास.