सशाचं कातडं आणि केळीचे तीन खांब

उन्हात खिळे ठोकून वाळत घातलेलं ते सशाचं कातडं इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला बोराएवढं एक भोक होतं. त्या भोकावर विश्वास ठेवून मी एका निरपराध माणसाला आठ दिवस कोठडीत ठेवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी लातूरकडचा, सातवी झालेला. कर्जत तालुक्यात कडावच्या बाजूला पोलीस जमादार म्हणून आसपासच्या गावांचं बीट सांभाळत होतो. घरची माणसं तिकडे, मी इकडे एकटा. कागद एकेक शब्द जुळवत लिहायचो. चूक झाली तर नोकरी जाईल ही भीती कायम. त्या दिवसांत गावातल्या एका बागायतदारांनी मला आधार दिला. सगळे त्यांना भाऊ म्हणत. तापात पडलो तर त्यांच्याकडून पेज यायची. त्यांचे उपकार मी मोजले नाहीत, पण विसरलोही नव्हतो.

दिवाळीनंतर डोंगराच्या पायथ्याला गवतकापणी सुरू झाली. एका दुपारी निरोप आला की गवत कापणारा एक माणूस गोळी लागून मेला. मी पोचलो तेव्हा तो पालथा पडला होता. पाठीत मूठ जाईल एवढं भगदाड, छातीवर मात्र लहानसं छिद्र. असं प्रेत मी आधी पाहिलं नव्हतं. पंचनाम्याला प्रतिष्ठित माणूस हवा, म्हणून रिवाजाप्रमाणे मी भाऊंनाच बोलावलं. त्यांनी काठीने पाठ दाखवली आणि म्हणाले, "जवळून ठासणीची उडवलीय. मागून." मी तसंच लिहिलं. वाडीवरच्या एका ठाकराकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे आणि मयताशी त्याचं बांधावरून वाजलं होतं, ही खबरही त्यांचीच.

ठाकराला आणला. फौजदारसाहेबांनी दोन दिवस विचारपूस केली. तो एकच सांगत राहिला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "सायेब, माझी बंदूक छऱ्यांची हाय. छर्रं अंगात ऱ्हातात. डाक्तरला एक तरी गावला का?"

गावला नव्हता. शवविच्छेदनाच्या अहवालात गोळी आरपार गेल्याचं होतं; आत कुठून आणि बाहेर कुठून, यावर डॉक्टरांनी मत राखून ठेवलं होतं. आरपार जाणारी रायफल त्या भागात एकच होती, भाऊंची, तीनशे पंधरा बोअरची.

मी चाचरतच त्यांच्याकडे गेलो. ते रागावले नाहीत. त्याच सकाळी मारलेल्या सशाचं कातडं त्यांनी दाखवलं. "माझ्या गोळीनं माणसाला एवढं भगदाड पडलं असतं, तर सशाच्या चिंध्या नसत्या का झाल्या, जमादार?" बोलणं पटलं. पटावं असंही मला वाटत होतं. तरी नोंदीपुरती त्यांच्याकडची काही काडतुसं पावती देऊन घेतली.

ठासणीची बंदूक तपासणीला द्यायला अलिबागला गेलो, तेव्हा शस्त्रागारातल्या म्हाताऱ्या हवालदारांना काडतुसं दाखवून कातड्याची हकीकत सांगितली. ते हसले. त्यांनी साहेबांची परवानगी काढली आणि मागच्या परसातून केळीचे खांब तोडून आणायला लावले. तीन खांब एकामागे एक उभे केले.

आधी फौजी गोळी झाडली, पूर्ण पत्र्याने मढवलेली. तिन्ही खांबांना सारखीच बारीक छिद्रं. मग शस्त्रागारात जमा असलेल्या तशाच एका रायफलीतून भाऊंची गोळी झाडली. हिच्या टोकाशी शिसं उघडं होतं. पहिल्या खांबाला बोराएवढं भोक, दुसरा चिरलेला, तिसऱ्याची मागची बाजू उडून गेली.

"पहिला खांब म्हणजे तुझा ससा," हवालदार म्हणाले. "ही जड गोळी डुकरासाठी केलेली. तिला फुलायला आत मांस-हाड लागतं. सशाच्या अंगात ती फुलायच्या आत पार होते. हलकी, पातळ पत्र्याची, वेगवान गोळी असती तर ससा हाती लागलाच नसता. गोळी तीच रे, अंग वेगळं."

म्हणजे छातीवरचं छिद्र गोळी आत जाण्याचं होतं, पाठीतलं भगदाड बाहेर पडण्याचं. पंचनाम्यात मी उलटं लिहिलं होतं, आणि ते मला लिहायला लावणारे पंच भाऊच होते.

फौजदारसाहेबांनी भाऊंना चौकीत बोलावलं. मी तिसऱ्या खांबाचा तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. भाऊंनी तो तुकडा हातात घेऊन उलटा केला. मग म्हणाले, "गवत हललं. डुक्कर वाटलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी सांगणार होतो, जमादार. पण तुम्हीच बोलावून मला पंच केलंत."

ठाकर सुटला आणि भाऊंवर खटला झाला. त्यांच्या घरची पेज मी नंतर कधी प्यायलो नाही. पण ज्या तापात ती आली होती, तो ताप आठवला की आजही त्यांचा पूर्ण राग करता येत नाही.

पंच बोलावताना, तो त्या वेळी कुठे होता हे आधी विचारायचं, हे मी त्या खांबांपुढे शिकलो. छऱ्यांचं ठाकराने आधीच सांगितलं होतं. ते समजायला मला अलिबाग गाठावं लागलं.

त्याची बंदूक परत द्यायची होती, तेव्हा पुन्हा पंच हवा होता. त्याने विचारलं, "सायेब, आता पंच कोनाला करता?" तू सांगशील त्याला, म्हणालो. त्याने मयताच्या भावाचं नाव घेतलं. तो आला, कागद वाचून दाखवेपर्यंत उभा राहिला, आणि अंगठा उठवून गेला.